घाम, माठ आणि मिठागर
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने उष्णतेवर लेख लिहावा याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. वार्षिक अंकासाठी आमच्याकडून कविता, फार तर एखादी कथा किंवा सहलीचे वर्णन अपेक्षित असते. मीसुद्धा आधी कविताच देणार होते. दहावीनंतर विज्ञानाची पुस्तके आईने रद्दीत घातली, तेव्हा मला हायसेच वाटले होते. परंतु त्यातला 'उष्णता' हा एक धडा माझ्या मागे लागला तो लागलाच. त्याचे कारण पुढे येईल. सुरुवात आजीच्या माठापासून करते.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. दुष्काळी मुलूख. बाबा तिथून भाईंदरला आले आणि पूर्वेकडच्या स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॉलिशच्या कामाला लागले. आजी गावीच राहते. एका उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली, ती दहिवडीच्या बाजारातला माठ मांडीवर घेऊन. सबंध एसटीचा प्रवास तिने तो माठ लेकरासारखा सांभाळला. इथे आल्यावर त्याच्याखाली वाळू घातली, भोवती ओले फडके गुंडाळले, खिडकीत ठेवला. पण पाणी काही गार होईना. आजीने आधी कुंभाराला दोष दिला, मग माठाला, आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या हितल्या पान्यातच जीव न्हाई." गावी चाळीस अंशांच्या उन्हात दात शिवशिवतील असे पाणी देणारा तोच माठ भाईंदरच्या चौतीस अंशांत कोमट पाणी देत होता. ऊन कमी, तरी पाणी गरम! हे कोडे मला तेव्हा सुटले नाही. पण ज्याला ते सुटले, त्याला माणसाच्या शरीराचे उष्णतेशी असलेले नातेही अर्धेअधिक कळले, असे आता वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उष्णता आणि तापमान हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, परंतु ते एक नाहीत. चहाचा पेला आणि आंघोळीचे पातेले दोन्ही साठ अंशांवर असतील, तर त्यांचे तापमान सारखे. पण पातेल्यातली उष्णता पेल्याच्या कितीतरी पट. उष्णता ही ऊर्जा होय, आणि ती नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. उताराकडे पाणी जावे तशी. आपोआप ती कधीही चढावर जात नाही. हे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता शरीराकडे वळू. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या काखेत तापमापी लावून घेतलेल्या नोंदी १८६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून हा आकडा रूढ झाला. तो दिवसभरात अर्धा-एक अंश खालीवर होतो, माणसागणिक थोडा बदलतोही. परंतु थंडी असो की वैशाख, तो ३७ च्या जवळपास राखण्यासाठी शरीराची रात्रंदिवस धडपड चालू असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग या कामावर देखरेख करतो.

धडपड कशासाठी, असे कोणी विचारील. तर आपण स्वतःच एक चूल आहोत म्हणून. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात ज्वलन होते आणि त्यातील बहुतेक ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता देत असतो. (आमच्या वर्गात आम्ही नव्वद जण बसतो. म्हणजे नव्वद दिवे! व्याख्यानाला डुलकी लागते ती सर्वस्वी आमच्या आळसाने नव्हे, एवढे प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे.) ही उष्णता बाहेर जाऊच शकली नाही तर काय होईल, याचा हिशेब मी मांडून पाहिला. १०० वॅट म्हणजे तासाला सुमारे ८६ किलोकॅलरी. साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे तासाला दीड अंशाहून अधिक वाढ. नुसते बसून राहिले तरी तीन तासांत माणूस ४२ अंशांवर पोहोचेल, आणि ४२ अंशांवर मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना गंभीर इजा होते. मेहनतीचे काम करणारा तर तिप्पट-चौपट उष्णता निर्माण करतो. त्याला तेवढा वेळही मिळणार नाही.

तेव्हा प्रश्न उष्णता बाहेर टाकण्याचा आहे. वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन मार्ग आपण शाळेत पाठ केले. गार फरशीवर निजलो की वहनाने उष्णता फरशीत जाते. वारा अंगाला लागला की त्वचेलगतची गरम हवा वाहून जाते, ते अभिसरण. आणि प्रारणाला तर काही माध्यमच लागत नाही. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती त्याच मार्गाने. हे तिन्ही मार्ग सुलभ व्हावेत म्हणून उकाड्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त वर येते, चेहरा लाल होतो. हृदयाला त्यासाठी जादा काम करावे लागते. वृद्ध आणि हृदयविकाराची माणसे उन्हाळ्यात अचानक जातात, त्याचे एक कारण हेच आहे.

परंतु या तिन्ही मार्गांना एक अडचण आहे. त्वचेचे तापमान असते ३३ ते ३५ अंश. भोवतालची हवा त्याहून गरम झाली की उतार उलटा होतो! मग तेच तीन रस्ते उष्णता बाहेर नेण्याऐवजी आत आणू लागतात. उन्हाने तापलेला पत्रा डोक्यावर असेल तर प्रारणाने ती वरून बरसते. अशा वेळी माणसाला एकच दार उघडे राहते, ते म्हणजे घाम.

घामाबद्दल आपल्या मनात थोडी तुच्छता असते. अंगाला वास येतो, कपड्यांवर पांढरे डाग पडतात, लोकलमध्ये शेजारचा नाक मुरडतो. पण या खाऱ्या पाण्याची किमया पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला उकळबिंदूला ५४० कॅलरी लागतात, आणि त्वचेच्या तापमानाला तर सुमारे ५८०. हाच तो 'अप्रकट उष्मा'. ही उष्णता घामाचा थेंब त्वचेकडून घेतो आणि हवेत नाहीसा होतो. एक लिटर घाम वाळला तर ५८० किलोकॅलरी गेल्या. बसलेल्या माणसाच्या साडेसहा तासांच्या उष्णतेची सोय झाली. म्हैस डबक्यात जाऊन बसते, कुत्रा जीभ काढून धापा टाकतो. माणसाने मात्र सगळ्या अंगाचाच माठ करून टाकला आहे.

या शक्तीची परीक्षा अठराव्या शतकात लंडनमध्ये झाली होती. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या डॉक्टरने काही मित्रांसह एका तापवलेल्या खोलीत प्रवेश केला. खोलीचे तापमान २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ सेल्सिअस. ही मंडळी तिथे काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आली. त्या खोलीत ठेवलेली अंडी आणि मांस मात्र शिजून गेले! या प्रयोगांचे वृत्त १७७५ साली प्रसिद्ध झाले. त्यात मला सर्वांत आवडलेला भाग पाण्याचा आहे. खोलीत ठेवलेले उघडे पाणी काही उकळत नव्हते, कारण ते वाफ होऊन स्वतःला गार ठेवीत होते. पाण्यावर तेलाचा थर दिला, वाफ अडली, आणि ते उकळू लागले. खोली तीच, आच तीच.

वाफ अडणे हीच माझ्या लेखाची मध्यवर्ती गोष्ट आहे. घाम येण्याने माणूस गार होत नाही. घाम वाळण्याने होतो. जो घाम टपटप खाली पडला किंवा रुमालाने पुसला गेला, त्याने आपल्याकडून जवळजवळ काहीच उष्णता नेली नाही. आणि घाम वाळणार की नाही हे हवेवर अवलंबून असते. हवेत आधीच पुष्कळ बाष्प असेल तर ती आणखी किती घेणार? दिलेल्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धारण करू शकते, त्याच्या शेकडा किती बाष्प तिच्यात प्रत्यक्ष आहे, ती सापेक्ष आर्द्रता. माणमध्ये मे महिन्याच्या दुपारी ती वीस टक्क्यांच्या आसपास असली तर आमच्याकडे सत्तर. आपल्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. वारा येतो तोच ओला होऊन. आजीच्या माठाचे कोडे इथे सुटते. माठ पाझरतो, ते पाणी वाळते, आतले पाणी गार होते. भाईंदरला माठ पाझरतो. पण वाळत नाही. पाण्यात जीव होता, हवेत जागा नव्हती.

ही गोष्ट पुस्तकाशिवायही ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे आपल्या शहरातच आहेत. भाईंदर म्हणजे इमारतींचे जंगल असे बाहेरच्यांना वाटते. पण रेल्वेच्या दोन्ही अंगांना मिठागरे होती आणि त्यांच्या खुणा आजही दिसतात. राई-मुर्धे भागातील एक वृद्ध आगरी गृहस्थ माझ्या मैत्रिणीचे आजोबा लागतात. त्यांची उमर मिठागरात गेली. मी त्यांना विचारले, "आजोबा, मीठ कडक उन्हाने पिकते ना?" ते हसले. म्हणाले, "ऊन एकलं काय करील? वारा परला का मीठ धरत नाय, पोरी." भरतीचे पाणी खाचरात घ्यायचे, एका खाचरातून दुसऱ्या उथळ खाचरात फिरवायचे, ते आटत आटत जाते आणि शेवटी मीठ धरते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाकीचे सगळे पाणी वाऱ्याने उचलून न्यावे लागते. हवा दमट, वारा पडलेला, तर ऊन असूनही काम अडते. आणि अशाच दिवशी, आजोबा म्हणाले, मिठागरातला माणूसही बसतो. "मीठ सुकत नाय तवा मानूस बी सुकत नाय." मिठागराला आणि माणसाला एकच नियम लागू आहे, हे मी पुस्तकात वाचून त्यांच्याकडे गेले होते. ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितले.

हा नियम मोजण्याची युक्ती फार साधी आहे. दोन सारख्या तापमापी घ्याव्यात. एक तशीच ठेवावी; दुसरीच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळून ती ओली करावी आणि वारा घालावा. चिंधीतले पाणी वाळते, म्हणून ओली तापमापी कोरडीपेक्षा कमी आकडा दाखवते. हवा जितकी कोरडी, तितका फरक अधिक. ओलीचा आकडा म्हणजे पाणी वाळवून जास्तीत जास्त जितके गार होता येईल ती हद्द. माठाचीही आणि घामाचीही. गावी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओली तापमापी सुमारे २३ दाखवील. भाईंदरला ३४ अंश आणि ७० टक्के असेल, तर सुमारे २९. म्हणजे बातम्यांत आपले शहर सहा अंशांनी थंड, आणि घामाच्या हिशेबाने सहा अंशांनी गरम!

ओली तापमापी ३५ वर गेली तर निरोगी माणूस सावलीत, वाऱ्यात, पाणी पीत बसला तरी काही तासांपलीकडे टिकणार नाही, असे गणित शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडले. कारण उघड आहे. त्वचा ३५ ची. मग उष्णतेला उतारच उरला नाही. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, धडधाकट स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. त्यांचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अधिक काळजीचे आहेत. दमट हवेत हलके काम करतानाही ओली तापमापी ३१ च्या जवळ येताच शरीराचे तापमान चढू लागते आणि थांबत नाही. हे आकडे विशीतल्या मुलामुलींचे आहेत. साठीतल्या माणसाचे याहून कमीच असणार.

यावरून 'विदर्भात ४५ असते, तुमचे ३८ काय घेऊन बसलात' हा युक्तिवाद किती फसवा आहे ते दिसते. (विदर्भातला उन्हाळा सौम्य आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तिथे घाम वाळतो, पण इतका की शरीरातले पाणीच संपते.) भारतीय हवामान विभागही उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशासाठी किमान ४० अंश आणि किनाऱ्यासाठी ३७ अंश अशी वेगळी मोजपट्टी लावतो. आणि जाहीर होणारे तापमान हे सावलीतले असते. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापीचे. उघड्या मैदानातल्या माणसावर सूर्याचे प्रारण पडते ते त्याखेरीज. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे सकाळपासून दुपारपर्यंत मैदानात बसून होती. त्या परिसराचे त्या दिवशीचे कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. ऐकायला मोठा आकडा नव्हे. १४ माणसे दगावली.

आता माझ्या घरची गोष्ट.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षीचा मे महिना. निकाल लागायचा होता. दुपारी तीनच्या सुमारास बाबांना त्यांच्या दोन सोबत्यांनी रिक्षातून घरी आणले. गाळ्यात भोवळ येऊन पडले, असे ते म्हणाले. बाबा बरळत होते. मला आत्याच्या नावाने हाक मारीत होते. अंगाला हात लावला तर चटका बसावा असे तापलेले, आणि घामाने निथळतही होते. शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची तापमापी आणली, ती १०५ दाखवत होती. सगळ्यांचे एकमत झाले की ताप भरला आहे. आम्ही त्यांना तापाची गोळी दिली, पंखा बंद केला आणि अंगावर चादर घातली. ती चादर मी घातली. 'घाम फुटू दे, म्हणजे उतरेल,' असे आई म्हणत होती आणि मला ते पटत होते. मार्चमध्ये मी अप्रकट उष्म्याची व्याख्या उदाहरणासह लिहून आले होते. उदाहरण घामाचेच दिले होते.

पाऊण तासाने रिक्षा मिळाली आणि आम्ही दवाखान्यात पोहोचलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी काही विचारलेच नाही. "चादर काढा ती! पाणी ओता यांच्यावर," एवढेच ओरडल्या. ओल्या चादरी, दोन पंखे, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ. अर्ध्या तासाने बाबांनी मला माझ्या नावाने ओळखले. पुढे ते दोन दिवस रुग्णालयात होते. थोडा आणखी उशीर झाला असता तर, हे वाक्य बाईंनी अर्धवटच सोडले.

ताप आणि उष्माघात यांत काय फरक आहे, हे मला त्यानंतर कळले. रोगजंतूंच्या संसर्गात ताप येतो, तेव्हा मेंदूतला रखवालदार स्वतःच हुकूम देतो की आता ३७ नको, ३९ ठेवा. म्हणून माणसाला थंडी वाजते, हुडहुडी भरते, पांघरूण हवेसे वाटते. हुकूम मागे घेतला की घाम फुटतो आणि ताप उतरतो. आईचे म्हणणे त्या बाबतीत खरे होते. तापाची गोळी काम करते तीही त्या हुकुमावर. उष्माघातात असा हुकूम मुळी सुटलेलाच नसतो. रखवालदार ३७ म्हणून ओरडत असतो आणि यंत्रणाच थकलेली असते. तिथे गोळी कोणाशी बोलणार? आणि चादर म्हणजे ब्लॅग्डेनच्या पाण्यावरचे तेल. उन्हात किंवा उकाड्यात काम करणारा माणूस कोसळला, बरळू लागला, अंग भाजत असले, तर त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाल्यास लावावा आणि त्याच वेळी १०८ ला दूरध्वनी करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. अंग कोरडे पडले तरच उष्माघात असे पुष्कळ लोक समजतात. तसे नाही; कष्ट करताना पडलेल्या माणसाला घाम असूही शकतो, जसा बाबांना होता.

आजीच्या उपायांविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर ती रागावेल. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, यात मला काही तथ्य सापडलेले नाही. कांदा खिशात राहून उष्णता शोषत नाही. पण तिचे कैरीचे पन्हे मात्र अगदी शास्त्रशुद्ध आहे. घामातून नुसते पाणी जात नाही. दर लिटरला साधारण दोन-तीन ग्रॅम मीठही जाते. बाबांच्या काळ्या बनियनवर दिसणारी पांढरी नक्षी ती हीच. खूप घाम गाळून नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, पायात गोळे येतात. पन्ह्यात पाणी, मीठ आणि गूळ असतो. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवले, त्याचेही मर्म हेच. साखर असली की आतडे मीठ आणि पाणी चटकन शोषून घेते. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

मात्र पाणी पिण्याचा उपदेश करणे सोपे आहे. आमच्या शेजारच्या काकू एका गाळ्यात डबे भरण्याचे काम करतात. त्या सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पितात. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. त्यांना अप्रकट उष्मा समजावून मी काय साधणार?

गेल्या मे महिन्यात मला स्वतः मोजून पाहायची इच्छा झाली. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या काकांकडे दोन तापमापी मागितल्या. 'कला शाखेला कशाला?' असे विचारून, वहीत सही घेऊन त्यांनी त्या दिल्या. आईच्या जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि पुठ्ठ्याने वारा घालून आकडे घेतले. ग्रंथालयात कोरडी ३३, ओली २७. आमच्या खोलीत कोरडी ३५, ओली २९. मग बाबांचा डबा पोहोचवण्याच्या निमित्ताने गाळ्यात गेले. वर पत्रा, आत पॉलिशच्या यंत्रांची धग, कोपऱ्यात भांडी धुण्याच्या गरम पाण्याच्या टाक्या, त्यांची वाफ. खिडकी एक, तीही मालाच्या खोक्यांनी झाकलेली. कोरडी ३८, ओली ३१. मी तीन वेळा मोजले. बाबा म्हणाले, "किती आलं?" मी सांगितले. "म्हंजी जास्त का?" मी हो म्हटले. "बरं," म्हणाले आणि डबा उघडला.

शेठजींना मी तो आकडा दाखवला. ते सभ्य गृहस्थ आहेत, कागद नीट वाचून घेतला. दुपारी एक ते तीन काम बंद ठेवण्याची गोष्ट त्यांना मानवली नाही. माल वेळेवर द्यावा लागतो. टाक्यांवर झाकण आणि भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा, याबद्दल 'दिवाळीनंतर बघू' असे उत्तर मिळाले. पत्र्यावर चुना मारण्याची परवानगी मात्र त्यांनी लगेच दिली, कारण चुना स्वस्त असतो. पांढरा रंग सूर्यप्रकाश परत फेकतो, त्यामुळे पत्रा कमी तापतो. अहमदाबादेत २०१३ पासून उन्हाळ्याच्या तयारीचा जो आराखडा राबवला जातो, त्यात पुढे छपरे पांढरी करण्याच्या उपायालाही स्थान मिळाले. बाबा आणि त्यांचे दोन सोबती एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पत्र्यावर चढले. दोन हात चुना दिला. मी खालून बादल्या दिल्या.

पुढच्या आठवड्यात, साधारण तशाच दिवशी, मी पुन्हा मोजले. कोरडी तापमापी दोन अंशांनी उतरून ३६ वर आली होती. सगळ्यांना फार आनंद झाला. ओली साडेतीसवर होती. चुन्याने पत्रा थंड होतो, हवा कोरडी होत नाही. त्यासाठी भिंतीतला तो पंखा लागेल. दिवाळी होऊन गेली आहे, आणि बाबा शेठजींना अधूनमधून आठवण करतात.